शेवटचं खाली कधी उतरलात?

मॅडमशी माझी ओळख झाली तेव्हा त्या मला दिसत नव्हत्या. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत त्या एकट्याच होत्या आणि मी बाहेरून दाराच्या फटीला तोंड लावून बोलत होतो. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. अशा वेळी दोघं लागतात. एक जण वर मशीनरूममध्ये जाऊन हातानं ब्रेक सोडतो आणि केबिन हळूहळू मजल्याला आणतो. दुसऱ्यानं तोवर आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, कारण घाबरलेल्या माणसानं आतून दार ओढलं की वाट लागली. हे दुसरं काम आमच्यात नेहमी माझ्याकडे यायचं.

“मॅडम, पंखा चालू आहे ना?” मी विचारलं.

“चालू आहे. तुमचं गाव कुठलं?”

हा प्रश्न खरं तर मी विचारायचा असतो. गाव कुठलं, मुलं काय करतात, जेवण झालं का, असं काहीबाही विचारत वेळ काढायचा. इथे उलटंच झालं. पंधरा मिनिटांत त्या बाईंनी बंद दाराआडून माझी सगळी माहिती काढून घेतली. आजोबा गिरणीत होते, वडील मरोळच्या एका कारखान्यात लेथवर होते, आता घरी असतात, आई मालवणकडची, राहायला नाहूर, शिक्षण आयटीआय, वय एकोणतीस, लग्न नाही. लिफ्ट मजल्याला टेकली, मी दार उघडलं, तेव्हा आतून पन्नाशीच्या, केस पिकलेल्या, खांद्याला झोळी लावलेल्या बाई शांतपणे बाहेर आल्या. तक्रार नाही, आरडाओरडा नाही.

“या भागात लिफ्ट नसलेल्या इमारती किती असतील हो?” त्यांनी विचारलं.

“काय माहीत, मॅडम. आम्ही लिफ्ट असेल तिथेच जातो.”

“मीही आत्तापर्यंत तसंच करत आले,” त्या हसून म्हणाल्या.

त्या एका कॉलेजात शिकवत होत्या. मुलुंडमध्ये लिफ्ट नसलेल्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्या खूप आहेत. घर घेतलं तेव्हा तरुण असलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत आणि अजून त्याच मजल्यांवर राहतात. ती खाली-वर कशी करतात, याचा अभ्यास मॅडमना करायचा होता. बाहेरचे संशोधक नकोत, आसपासच्या उपनगरांत वाढलेली तरुण मुलं हवीत, असा त्यांचा हट्ट होता. मला म्हणाल्या, शनिवारी या.

“मला नाही जमणार, मॅडम. तेवढा शिकलेला नाही मी.”

“अनोळखी माणसाला तुम्ही पंधरा मिनिटं बंद पेटीत घाबरू दिलं नाहीत. शिकलेल्यांना ते जमतंच असं नाही.”

घरी आईला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “तू खंयचो साहेब झालंस रे, लोकांका प्रश्न इचारूक?” पण शनिवारी सकाळी उठलो तर खुर्चीवर माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलेला होता.

मुलुंड पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आम्ही जमलो. खाली म्हातारे पेपर वाचत बसलेले, वर एक लांब टेबल, फळा आणि आम्ही चौघं. मॅडमनी सगळ्यांना एकेक कागद दिला. नाव, पत्ता, आणि खाली मोठा रिकामा चौकोन, त्याच्यावर लिहिलेलं, ‘पार्श्वभूमी’. बाकीचे खाली मान घालून लिहायला लागले. मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. पार्श्वभूमी म्हणजे डिग्री असणार, असं मला वाटलं. मी फक्त ‘लिफ्ट’ एवढंच लिहिलं आणि कागद उलटा करून ठेवला.

मग ओळखी झाल्या. समोर बसलेली मुलगी फिजिओथेरपिस्ट होती, नुकतीच पास झालेली. घर घाटकोपरला, घरात गुजराती. तिनं पहिलीच अट घातली, “माझं मराठी चुकलं तर हसायचं नाही हां कोणी.” तिच्या बाजूला बोरिवलीचा एक मुलगा. एका विमा कंपनीत दिवसभर आकड्यांचे तक्ते बनवायचा. तू का आलास असं मॅडमनी विचारल्यावर तो म्हणाला, “खरं सांगू? शनिवारी घरी असलो की पाहुणे येतात. मुलगी दाखवायला.” सगळे हसले. पण तो चेष्टा करत नव्हता, पुढे वर्षभर त्याच्या आईचे फोन बरोबर शनिवारी दुपारीच यायचे.

उरलेली मुलगी समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तीही घाटकोपरची. तिचे आजोबा दुष्काळात वाशिमकडून आले आणि घाटकोपरला टेकडीवरच्या वस्तीत राहिले. वडील पोस्टमन झाले आणि रिटायर होईपर्यंत पोस्टमनच राहिले. तिनं हे एका वाक्यात सांगितलं, ‘पोस्टमन’ हा शब्द मात्र जरा ठासून. मग म्हणाली, “मी कमी बोलते. पण लिहून घेते सगळं.”

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मी मॅडमना लिफ्टमधून काढलं.”

“आणि?” बोरिवलीकर म्हणाला.

“आणि काय? आलो.”

मॅडमनी दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या. मला पोस्टमनच्या मुलीबरोबर टाकलं. प्रश्नांचे कागद तयारच होते. घरात किती माणसं, कोणता मजला, गुडघे, डोळे, औषधं, आणि मधे मुख्य प्रश्न, आठवड्यातून किती वेळा खाली उतरता?

पहिल्या काही घरांत माझी जीभच वळेना. लोक दार उघडायचे, मी कागद बघून वाचायचो, तेही कागद वाचल्यासारखी उत्तरं द्यायचे. पोस्टमनची मुलगी बाजूला उभी राहून लिहायची. तिसऱ्या की चौथ्या घरानंतर जिन्यात थांबून ती म्हणाली, “तू लिफ्टवाल्यासारखं बोल ना रे. हे काय न्यूजवाल्यासारखं?” पुढच्या दाराला मी कागद तिच्या हातात दिला आणि काकांना विचारलं, “गाव कुठलं, काका?” त्यांनी आत बोलावून चहा दिला.

त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर बाई राहायच्या. बाई म्हणजे शाळेत पीटी शिकवणाऱ्या, रिटायर्ड. बिल्डिंगमधले सगळे त्यांना बाईच म्हणायचे. पंच्याहत्तरीच्या पुढच्या असतील, पण पाठ अशी सरळ की आम्ही दोघंही नकळत ताठ उभे राहिलो. यजमान जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा बेंगळुरूला. भिंतीवर कवायतीचे जुने फोटो, पांढऱ्या कपड्यातल्या मुलींच्या रांगाच रांगा.

“आठवड्यातून किती वेळा खाली उतरता, बाई?”

“रोज. सकाळ-संध्याकाळ.”

“जिन्याचा त्रास?”

“मला? चाळीस वर्षं मी मुलींना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या. लिही गं, त्रास नाही.”

पोस्टमनच्या मुलीनं लिहिलं. माझी नजर मात्र दाराजवळच्या चपलांच्या रॅककडे गेली होती. आमच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही की मालक काय सांगतो ते ऐक, पण घासलंय काय ते बघ. रॅकवर बाईंचे पांढरे कॅनव्हासचे बूट होते, नाड्या नीट बांधलेल्या. आणि दोन्ही बुटांवर धुळीचा एकसारखा थर. रोज घालायच्या बुटांवर असा थर बसत नाही. मी काही बोललो नाही. काय बोलणार? त्यांच्याच घरात उभं राहून त्यांना खोटं पाडायचं?

खाली उतरताना बोलत होतो म्हणून असेल, शेवटच्या पायरीला माझा पाय हवेत गेला आणि मी गेटकडे जवळजवळ धडपडलोच. वळून बघितलं. खिशात माझा टेप असतोच. मोजलं. वरच्या सगळ्या पायऱ्या सहा इंचाच्या आणि शेवटची पावणेदहा. पाण्याच्या पाइपसाठी कधीतरी कंपाउंड खोदलं असणार आणि परत फरशी बसवताना जमीन खाली गेली असणार. लिफ्ट मजल्यापासून अर्धा इंच जरी खाली थांबली तरी आम्हाला फोन येतो, लोक अडखळतात म्हणून. इथे पावणेचार इंचाचा फरक होता आणि त्याबद्दल कुणी कुणाला फोन केला नव्हता. वहीच्या मागच्या पानावर मी ते आकडे टिपून ठेवले. प्रश्नांच्या कागदावर त्यासाठी जागा नव्हती.

असे काही शनिवार गेले. मग एकदा टेबलाभोवती बसून बोरिवलीकरानं लॅपटॉप उघडला. त्यानं सगळ्यांचे कागद एकत्र केले होते.

“यार, आपण उगाच फिरतोय,” तो म्हणाला. “जवळपास सगळे म्हातारे रोज खाली उतरतात. नाहीतर दिवसाआड. सगळे झकास आहेत. प्रॉब्लेमच नाहीये.”

फिजिओ म्हणाली, “असं होऊच शकत नाही. मी गुडघे बघितलेत ना त्यांचे. एक काका तर खुर्चीतून उठताना टेबल धरत होते. ते रोज तीन मजले कसे काय उतरणार?”

“डेटा तेच सांगतोय.”

मॅडम कुणाचीच बाजू घेईनात. मला माहीत होतं ते सांगावं की नाही कळत नव्हतं, कारण इतर तिघं शिकलेले आणि मी काय सांगणार, तर चपला! पण सांगितलं. बाईंच्या बुटांवरची धूळ सांगितली. मग आठवून आठवून बाकीच्या घरांतलंही सांगितलं, कुणाच्या चपलांचे तळ कोरे होते, कुणाची काठी दारामागे जाळं लागून उभी होती. वहीचं मागचं पान उघडून पायऱ्यांचे आकडे वाचले.

बोरिवलीकर लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत होता. “तू हे सगळं लिहीत का नाहीस रे?”

“कागदावर रकाना नव्हता.”

“मग रकाना माग ना, भावा!” तो असा ओरडला की खाली वाचनालयात कुणीतरी खोकलं.

मॅडम म्हणाल्या, “म्हणजे लोक खोटं बोलतायत?”

“खोटं नाही,” पोस्टमनची मुलगी पहिल्यांदाच मधे बोलली. “लाज वाटते त्यांना. प्रश्नच तसा आहे आपला. किती वेळा विचारलं की परीक्षेसारखं वाटतं.” मग म्हणाली, “माझ्या बाबांनी वीस वर्षं मुलुंडला पत्रं वाटली आहेत. उद्या त्यांना विचारते.”

मला उत्सुकता होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मीही घाटकोपरला गेलो. तिचं घर टेकडीच्या वरच्या अंगाला होतं, दोन खोल्यांचं, निळ्या रंगाचं. बाबासाहेबांच्या फोटोखाली तिच्या बी.ए.च्या पदवीचा फोटो आणि त्याच्याखाली वडील बनियनवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. मला शेंगांचं ताट पुढे सरकवलं.

आम्ही विचारलं तर पहिल्यांदा त्यांनी मानच हलवली. “कुणाचं नाव विचारू नका. टपाल वाटणारा माणूस घरातलं बाहेर सांगत नसतो.”

“नाव नको, बाबा. नुसतं सांगा, कोण उतरत नाही हे तुम्हाला कसं कळायचं?”

“कळायचंच. आधी माणूस गेटपाशी येऊन पत्र घेतो. मग गॅलरीतून ओरडतो, थांबा, आलो. मग एक दिवस म्हणतो, पेटीत टाका, नंतर घेतो. आणि मग दोरीला पिशवी बांधून खाली सोडतो. पिशवी आली की समजायचं, आता हा माणूस उतरत नाही.”

“मग तुम्ही काय करायचा?”

“वर जायचो. पत्र हातात द्यायचो. पिशवीत नाही टाकायचो मी.” त्यांनी शेंग फोडली. “आणि मी कधी विचारलं नाही, काका उतरत का नाही तुम्ही. मी म्हणायचो, मागे कधी गेटपाशी भेटलो होतो हो आपण? तेव्हा कुठे निघाला होतात? मग सांगत बसायचे. भाचीच्या लग्नाला निघालो होतो, दात काढायला निघालो होतो. पाणी देऊन सांगायचे. उशीर व्हायचा मला.”

मुलगी पटापटा लिहीत होती. पुढच्या शनिवारी आमच्या कागदावरचा मुख्य प्रश्न बदलला. आठवड्यातून किती वेळा, हे खोडून तिथे आलं, शेवटचं खाली उतरलात तेव्हा कुठे निघाला होतात? आणि खाली एक मोठा रिकामा रकाना, ‘आणखी काय दिसलं’. तो बोरिवलीकरानं घातला होता. माझ्या कागदावर त्यानं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘चपला इथे.’

बाईंकडे परत जायला मला जड वाटत होतं. त्यांनी दार उघडलं, चहा ठेवला. नवा प्रश्न मीच विचारला. “बाई, शेवटचं खाली उतरलात तेव्हा कुठे निघाला होतात?”

त्यांनी ‘रोज’ म्हणायला तोंड उघडलं असावं, पण या प्रश्नाला रोज हे उत्तर बसत नव्हतं. त्या खुर्चीत बसल्या.

“मतदानाला,” त्या म्हणाल्या. “साडी नवी नेसले होते. शेवटच्या पायरीवर पडले. सगळ्या सोसायटीसमोर. दोघींनी उचललं मला. दोघीही माझ्याच विद्यार्थिनी. आता त्यांची मुलं कॉलेजात आहेत. त्यातली एक म्हणाली, बाई, आता नका हो एकट्या उतरत जाऊ, वय झालं तुमचं. मायेनं म्हणाली ती. लागलं काहीच नव्हतं मला. पण आयुष्यभर ज्यांना मी सांगितलं, पाऊल बघून टाका, त्यांच्यासमोर मीच पालथी.” त्यांनी पदरानं ओठ पुसले. “तेव्हापासून नाही उतरले. लिही.”

पोस्टमनच्या मुलीचं पेन थांबलं होतं.

“बाई,” मी म्हटलं, “पाऊल तुमचं नाही चुकलं. पायरी चुकली आहे.”

“म्हणजे?”

मी टेप काढला. त्यांच्या दारासमोरच्या पायऱ्यांची उंची त्यांना टेप लावून दाखवली, सहा इंच. मग वहीतला शेवटच्या पायरीचा आकडा दाखवला. “पन्नासएक पायऱ्या उतरून पायाला सहा इंचाची सवय लागते. मग एकदम पावणेदहा. पाय हवेतच जाणार. मी तीस वर्षांचा पण नाही, बाई. मागच्या वेळी इथून गेलो ना, तिथेच आपटणार होतो. हिला विचारा.”

“जवळजवळ आपटलाच,” ती म्हणाली.

बाईंनी माझी वही हातात घेतली. चष्मा लावून आकडा परत परत वाचला. चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. राग होता, आणि त्याच्या मागून हसू. “म्हणजे एवढे दिवस मी स्वतःला दोष देत बसले, आणि चूक गवंड्याची?”

“गवंड्याचीच.”

“अरे मेल्या, मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?”

पुढच्या आठवड्यात आम्ही फिजिओला बरोबर घेऊन गेलो. तिनं बाईंचे गुडघे, घोटे, तोल, सगळं बघितलं. “बाई, तुम्ही उतरू शकता. एकदम नाही. प्रत्येक वळणावर बसून, दम घेऊन. आणि आधी थोडा व्यायाम.” व्यायाम करून दाखवायला लागली तर बाई म्हणाल्या, “कंबर वाकते आहे तुझी. सरळ.” फिजिओनं कंबर सरळ केली. त्या दिवसापासून कोण कुणाला व्यायाम शिकवतंय हे कळेनासं झालं.

दुसऱ्या घरांतही तो प्रश्न विचारला तेव्हा उत्तरं आली ती बोरिवलीकराच्या तक्त्यात बसेनात. एक काका शेवटचे उतरले होते बायकोला हॉस्पिटलात नेताना, आणि ती परत आली नाही म्हणून त्यांना तो जिनाच नको होता. एक आजी उतरल्या होत्या नातीला शाळेच्या बसमध्ये बसवायला, नात आता परदेशात होती. कुणी सांगताना हसलं, कुणी उठून आत गेलं. बोरिवलीकर लॅपटॉप बंद करून नुसतं ऐकायला लागला. मग एकदा म्हणाला, “हे असंच छापायचं. तक्ता शेवटी टाकू, लहान.”

बाईंच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्हाला दहा मिनिटं मिळाली. सेक्रेटरी साहेब आधीच वैतागलेले होते. “तुम्ही सर्व्हेवाले येता, लिहून नेता, पुढे काय होतं? आमच्याकडे आधीच गळतीचं काम अडकलंय.”

मॅडम उत्तर द्यायला उठल्या होत्या, पण पोस्टमनची मुलगी आधी उभी राहिली. तिनं नावं, मजले, घरं, काहीच न सांगता उत्तरं वाचायला सुरुवात केली. शेवटचा उतरलो भावाच्या मयतीला. शेवटची उतरले मतदानाला. शेवटचा उतरलो, रिक्षा मिळाली नाही म्हणून परत आलो. ती सपाट आवाजात वाचत गेली आणि खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. नावं नसली तरी आपापल्या आईबापांचं उत्तर लोकांना ओळखू येत होतं. एक काकू उठून गॅलरीत गेल्या. मग मी पायऱ्यांचे आकडे सांगितले, आणि खाली नेऊन सेक्रेटरींना त्या पायरीवर उभं केलं. ते स्वतः साठीचे होते. एकदा उतरले, परत चढले, परत उतरले. म्हणाले, “च्यायला, मी इथे रोज कठडा धरतो, आत्ता लक्षात आलं.”

शेवटच्या पायरीखाली सिमेंटची एक अर्धी पायरी बसवायची, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला लागून मिटणारी बसायची फळी, एवढं ठरलं. फळ्यांच्या बिजागऱ्या बाजारात मिळत होत्या त्या मला पसंत पडेनात, माणसाचं वजन पडल्यावर त्या वाकल्या असत्या. घरी मी कागदावर चित्र काढत बसलो होतो. वडील टीव्ही बघत होते, उठून मागे उभे राहिले.

“ही पिन जाड कर,” ते म्हणाले. “आणि इथे खाच दे, नाहीतर बसताना बोट चेमटेल.”

“कोण करून देईल?”

“मी.”

कारखाना सोडल्यापासून ते मरोळला गेले नव्हते. त्यांच्या जुन्या सोबत्याचं तिथे छोटं वर्कशॉप होतं. आम्ही दोघं बाइकवरून गेलो. लेथसमोर उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात माझे वडील मला अनोळखी झाले. चष्मा कपाळावर, जीभ दातांत, आणि मी काही विचारलं तर हातानंच थांब म्हणायचे. संध्याकाळपर्यंत बिजागऱ्या तयार. घरी आईनं विचारलं तर म्हणाले, “आमचा रिसर्च चालू आहे.” आई माझ्याकडे बघत म्हणाली, “आता दोघव साहेब झाले.”

बाई उतरल्या तो रविवार होता. सकाळी नऊला आम्ही चौघं तिसऱ्या मजल्यावर हजर. मॅडम खाली गेटपाशी थांबल्या होत्या. बाईंनी बूट पुसून पांढरेशुभ्र केले होते. फिजिओ पुढे, मी एक पायरी मागे. हात धरू का विचारलं तर म्हणाल्या, “धरायचा नाही. जवळ ठेवायचा.”

पहिल्या वळणावर त्या फळीवर बसल्या आणि बिजागरी निरखून बघितली. “कुणाचं काम?”

“वडिलांचं.”

“चांगलं आहे. आवाज नाही करत.” मग माझ्याकडे बघून, “शिकले कुठे?”

“मरोळला, बाई. कामावरच.”

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं आणि आरोळी मारली. मग पहिल्या मजल्यावरची दारं उघडली. कुणी टाळ्या वाजवायला लागलं तर बाईंनी हात वर करून थांबवलं, “शांतता. मी मोजते आहे.” त्या खरंच पायऱ्या मोजत होत्या, ओठातल्या ओठात. शेवटच्या पायरीशी थांबल्या. नवीन अर्ध्या पायरीवर आधी एक पाय, मग दुसरा. मग जमीन.

गेटबाहेर भाजीची गाडी होती. भाजीवाली चाळिशीची, ती बाईंना बघून गाडी सोडून आली आणि सरळ पाया पडली. तीही त्यांच्याच शाळेतली निघाली. बाईंनी तिला उठवलं आणि म्हणाल्या, “तू उंच उडीत होतीस.” ती रडायला लागली. चाळीस वर्षांतल्या एवढ्या मुली, आणि कोण कशात होती हे बाईंना पाठ होतं. बाईंनी स्वतःच्या हातानं निवडून मेथीची जुडी घेतली. कितीतरी दिवसांत भाजी हाताळून घेतली नाही, म्हणाल्या, फोनवरून मागवली की पानं कोमेजलेली येतात. परत वर जायला त्यांना अर्धा तास लागला. मेथी त्यांनी कुणाला धरू दिली नाही.

सगळंच असं छान झालं असं नाही. ज्या काकांची बायको हॉस्पिटलातून परत आली नाही, ते फळ्या बसल्यावरही उतरले नाहीत. मी दोनदा गेलो, त्यांनी चहा दिला, जिन्याचं नाव काढलं नाही. तिसऱ्यांदा मीही काढलं नाही, आम्ही कॅरम खेळलो. अहवाल तयार झाला तेव्हा मॅडमनी चौघांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक छापली, आधी शिकलेले आणि मग मी असं नाही. तो घेऊन आम्ही पोस्टमन काकांकडे गेलो. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला आणि एकच चूक काढली, एका गल्लीचं नाव जुनं लिहिलं होतं.

फिजिओला आता एका हॉस्पिटलात नोकरी आहे, तिचं मराठी माझ्यापेक्षा बरं झालंय. बोरिवलीकराचं लग्न झालं, बायको त्यानं स्वतःच शोधली आणि पहिल्याच महिन्यात तिलाही शनिवारी घेऊन आला. पोस्टमनची मुलगी आता टीमचं काम बघते, मॅडम फक्त भांडण झालं तर मधे पडतात. मी लिफ्टचंच काम करतो. मला ते आवडतं. बाई आठवड्यातून दोनदा उतरतात, आणि कुणी विचारलं तर दोनदाच सांगतात.

मागच्या शनिवारी नाहूरला एका चार मजली बिल्डिंगमध्ये गेलो होतो. वरच्या मजल्यावर एका आजींनी दार उघडलं, हाताला कणीक होती. मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या, “आधी आत या, पोळ्या करपतील.” आम्ही आत गेलो. पोस्टमनच्या मुलीनं वही उघडली, मी पोळपाटाशेजारी बसलो आणि विचारलं, गाव कुठलं, आजी?